सडपातळ देहातील मधुमेह आणि पुढची पिढी

पुणे शहराच्या दक्षिण भागातील बिबवेवाडी हे एके काळचे स्वतंत्र गाव आज महानगराच्या वस्तीत पूर्णपणे सामावून गेले आहे. एका अंगास गुलटेकडीचा मार्केट यार्ड, दुसऱ्या अंगास टेकडीच्या उतारावर चढत गेलेली दाट वस्ती, आणि मध्ये राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय अशी या उपनगराची सर्वसाधारण ओळख सांगता येईल. कारखान्यात पाळीने काम करणारा कामगार, पोती वाहणारा हमाल, रिक्षाचालक, लहान दुकानदार, कचेरीतील लिपिक अशा सर्व थरांतील माणसे येथे राहतात. त्यांपैकी अनेकांच्या घराण्याची मुळे पुणे जिल्ह्यातील किंवा दुष्काळी पट्ट्यातील खेड्यांत आहेत.

अशा श्रमजीवी माणसांविषयी एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मधुमेह हा सुखवस्तू, स्थूल आणि बैठे काम करणाऱ्यांचा रोग असून अंगमेहनत करणाऱ्या सडपातळ माणसाला त्याचे भय नाही, अशी ती समजूत होय. पुण्यातच गेली तीन दशके चाललेल्या संशोधनाने ती चुकीची ठरविली आहे. या संशोधनाचा संबंध केवळ रक्तातील साखरेशी नाही. पुरुषाचे जननस्वास्थ्य, मातेचे पोषण, बालकाचे जन्मवजन आणि नव्याने उपलब्ध होत असलेली दीर्घप्रभावी औषधे या सर्वांना तो स्पर्श करतो. म्हणूनच शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी तो समजावून घेणे अगत्याचे आहे.

चयापचय म्हणजे काय?

अन्नाचे शक्तीत रूपांतर करणे, उरलेली शक्ती साठविणे आणि गरज पडताच ती पुन्हा बाहेर काढणे या सर्व क्रियांना मिळून चयापचय असे म्हणतात. घरातील धान्याच्या कणगीशी त्याची तुलना करता येईल. सुगीत धान्य भरावे आणि पुढे जपून काढावे, हा जसा संसाराचा हिशेब, तसाच हा शरीराचा हिशेब होय. या हिशेबाचा कारभारी म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन हे संप्रेरक. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायू, यकृत आणि मेद यांच्याकडे वळविण्याचे काम ते करते.

शरीरात, विशेषतः पोटाच्या आतील भागात, मेद साचू लागला म्हणजे स्नायू व यकृत इन्सुलिनचा आदेश नीट मानीत नाहीत. मग तेवढ्याच कामासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन निर्माण करावे लागते. ते जोवर पुरते तोवर तपासणीत काही आढळत नाही. ते अपुरे पडू लागले की साखर वाढते. म्हणजे रोगाचे निदान ज्या दिवशी होते, त्याच्या कित्येक वर्षे आधी त्याची सुरुवात झालेली असते.

या रोगाचा विस्तार आता लहान राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

सहा गावांतील अभ्यास

पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे शहराजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास हाती घेतला. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील संशोधकांचे सहकार्य त्यास लाभले. गावातील विवाहित तरुण स्त्रियांची उंची, वजन व आहार यांची नोंद गर्भधारणेपूर्वीपासून ठेवावयाची, गर्भारपणात ती चालू ठेवावयाची, आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा त्यांच्या तारुण्यापर्यंत करावयाचा, अशी ही योजना होती. एकाच पिढीचा इतका दीर्घ पाठपुरावा ग्रामीण भागात करणे हे सोपे काम नव्हे. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे दिलेल्या साथीमुळेच ते शक्य झाले.

या मातांचे सरासरी वजन अवघे ४२ किलोच्या आसपास होते आणि त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. साउदम्प्टनमधील बाळांचे सरासरी वजन सुमारे ३.५ किलो होते. येथपर्यंत अपेक्षेबाहेरचे काही नव्हते. परंतु बाळांच्या शरीराची बारकाईने मोजमापे घेतली तेव्हा निराळेच चित्र दिसले. पुण्याच्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने फारसा कमी झालेला नव्हता. वजनाला हलके, परंतु मेदाने भरलेले असे हे बाळ होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचे वर्णन ‘कृश तरीही मेदयुक्त’ अशा आशयाच्या शब्दांत करण्यात आले आणि पुढे जगभर ते वर्णन रूढ झाले.

हीच गोष्ट प्रौढांच्या बाबतीत किती खरी आहे, हे एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट झाले. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ इतकाच होता. पण युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के निघाले. वजनाचा काटा एकच आकडा दाखवीत असला तरी त्या आकड्याच्या आत काय दडले आहे ते तो सांगत नाही, हा यातील बोध होय.

आहाराच्या बाबतीतही या अभ्यासाने नवी दृष्टी दिली. गर्भारपणात एकूण किती उष्मांक घेतले यापेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी अधिक निकटचा संबंध आढळला. मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, तर फॉलिक आम्लाची कमतरता जवळजवळ कोणालाच नव्हती. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फॉलिक आम्ल अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती अधिक दिसून आली. याचा अर्थ फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. मज्जारज्जूचे जन्मदोष टाळण्यासाठी व रक्तवाढीसाठी त्या आवश्यकच आहेत. त्यांच्या जोडीला ब-१२ जीवनसत्त्वाकडेही लक्ष द्यावयास हवे, एवढाच याचा अर्थ. दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून हे जीवनसत्त्व मिळते. भाकरी, डाळ व भाजी यांतून ते मिळत नाही.

ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या साखरेची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी जवळजवळ निम्मी मुले-मुली वजनाने कमीच होती. तरीही तरुणांपैकी ३७ टक्के आणि तरुणींपैकी १८ टक्के यांची साखर प्रमाणाबाहेर, म्हणजे मधुमेहाच्या किंवा त्याच्या पूर्वावस्थेच्या मर्यादेत आढळली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यात वाढलेल्या, सडपातळ, विवाहास अद्याप अवकाश असलेल्या दर तीन तरुणांमागे एकाहून अधिक तरुणांच्या बाबतीत हा धोक्याचा इशारा मिळाला होता. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मधुमेहाची सार्वत्रिक तपासणी मात्र वयाच्या ३० वर्षांपासून पुढे केली जाते. या दोन वयांमधील बारा वर्षे हीच बहुतेक तरुणांची विवाहाची आणि अपत्यप्राप्तीची वर्षे असतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

पुरुषाचा वाटा

अपत्य न झाल्यास आपल्या समाजात दोष प्रथम स्त्रीच्या माथी मारला जातो. तिच्या तपासण्या, व्रतवैकल्ये, औषधोपचार वर्षानुवर्षे चालतात. प्रसंगी पुरुषाचा दुसरा विवाहही लावून दिला जातो, आणि तोवर त्या पुरुषाची एक साधी तपासणीही झालेली नसते. वास्तविक अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण पूर्णतः किंवा अंशतः जबाबदार असते. महाराष्ट्रात लैंगिक आरोग्याची उघड व शास्त्रीय चर्चा रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडून आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून सुरू केली. मुंबईच्याच के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी परीक्षानलिका पद्धतीने बालिका जन्मास आली. एवढी परंपरा असलेल्या राज्यात पुरुषाची तपासणी आजही संकोचाचा विषय राहावा, ही खेदाची गोष्ट आहे.

शुक्रजंतू वृषणांत तयार होतात आणि एक शुक्रजंतू पूर्ण होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असावे लागते. म्हणूनच निसर्गाने त्यांना उदरपोकळीच्या बाहेर स्थान दिले आहे. दीर्घकाळ भट्टीजवळ काम करणे, तंबाखू व मद्य यांचे सेवन, वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, गालगुंडासारखे आजार ही शुक्रजंतूंना बाधक ठरणारी काही कारणे आहेत.

चयापचयातील बिघाड हेही असेच एक कारण. पोटाचा मेद वाढला की त्यातील एक विकर टेस्टॉस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे स्त्री संप्रेरकात रूपांतर करू लागते. मेंदूकडून वृषणांना मिळणारा संदेश त्यामुळे मंदावतो. मधुमेह दीर्घकाळ अनियंत्रित राहिला तर रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा होऊन संबंधात अडचणी येतात; काहींच्या बाबतीत वीर्य बाहेर न पडता मूत्राशयाकडे उलटे जाते. तरुण पुरुषाने अशी तक्रार सांगितल्यास तिची थट्टा न करता त्याची साखर तपासणे हे योग्य पाऊल होय. कित्येकदा मधुमेहाची पहिली खूण तीच असते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, यातील पुष्कळसा बिघाड सुधारण्याजोगा आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी ५६ स्थूल पुरुषांना आठ आठवडे मोजका आहार दिला. त्यांचे वजन सरासरी १६.५ किलोंनी उतरले आणि वीर्यातील शुक्रजंतूंची घनता जवळजवळ दीडपट झाली. ज्यांनी व्यायामाने किंवा औषधाने वजन पुन्हा वाढू दिले नाही, त्यांच्यात ही सुधारणा वर्षभर टिकली. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात हे पुरुष अतिस्थूल होते. आपल्याकडील कृश पण मेदयुक्त तरुणाला उपाशी राहण्याचा सल्ला देणे चुकीचे ठरेल. त्याला स्नायू वाढविणारा व्यायाम, पुरेशी प्रथिने आणि कंबरेच्या घेरावर लक्ष यांची गरज आहे. पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, असे प्रमाण भारतीयांसाठी धरले जाते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. शरीर पिळदार दिसावे म्हणून काही तरुण व्यायामशाळेतील ऐकीव सल्ल्याने टेस्टॉस्टेरॉनची इंजेक्शने घेतात. पुरुषी संप्रेरक घेतल्याने पुरुषत्व वाढेल, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात बाहेरून संप्रेरक मिळू लागले की मेंदू वृषणांना काम थांबविण्याचा संदेश देतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती कधीकधी पूर्णपणे बंद पडते. ती पूर्वपदावर येण्यास कित्येक महिने, काही वेळा वर्षाहून अधिक काळही लागतो.

दीर्घप्रभावी औषधे

दीर्घकाळ चालणाऱ्या रोगात औषध रोज न चुकता घेणे ही रुग्णाची मोठी कसोटी असते. रात्रपाळी, प्रवास, पैशाची अडचण किंवा केवळ कंटाळा यांमुळे त्यात खंड पडतो. एकदा दिलेले औषध अनेक दिवस किंवा महिने काम करील, अशी योजना त्यासाठी संशोधकांनी केली. शेतकऱ्यास हे तत्त्व सहज उमगेल. पाटाचे पाणी एकदम येते आणि वाहून जाते. ठिबक सिंचनाने तेच पाणी थोडेथोडे मुळाशी पोहोचते.

टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका मधुमेही मुलास देण्यात आले. हे इन्सुलिन काही तासांतच संपत असे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी इन्सुलिनला प्रोटामिन या प्रथिनाची जोड देऊन ते हळूहळू विरघळेल अशी व्यवस्था केली. हे प्रोटामिन माशाच्या शुक्रजंतूंतून मिळविलेले होते. शुक्रजंतूच्या इवल्याशा शिरात आनुवंशिक द्रव्य घट्ट गुंडाळून ठेवण्यासाठी निसर्गाने जे प्रथिन योजले, त्यानेच मधुमेही रुग्णाचे रोजच्या सुयांचे ओझे काहीसे हलके केले.

त्यानंतर आणखी निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. हृदयाच्या झडपांना इजा करणाऱ्या संधिवाती तापासाठी तीन-चार आठवड्यांनी एकदा द्यावयाचे पेनिसिलीन स्नायूत साठून पाझर तलावासारखे सावकाश झिरपते. राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात २०१७ मध्ये दाखल झालेले ‘अंतरा’ हे स्त्रियांसाठीचे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिने पुरते. आतड्यात निर्माण होणारे व भूक आवरणारे एक संप्रेरक रक्तात जेमतेम दोन मिनिटांत निम्मे होते. त्याच धर्तीवर तयार केलेले सेमाग्लुटाइड हे औषध रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनास चिकटून राहते, आणि ते निम्मे होण्यास सुमारे आठवडा लागतो. म्हणून त्याचे इंजेक्शन आठवड्यातून एकदाच घ्यावे लागते. वजन उतरविण्यासाठीची या जातीची इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. आठवड्यातून एकदा द्यावयाच्या इन्सुलिनलाही २०२४ मध्ये युरोपात मान्यता मिळाली.

पुरुषांसाठी दीर्घकालीन गर्भनिरोधकाचे संशोधन भारतातच झाले आहे. खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्रा. सुजय गुहा यांनी शुक्रवाहिनीत टोचावयाचे एक बहुवारिक विकसित केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३०३ पुरुषांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ९७.३ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू आढळेनासे झाले आणि गर्भधारणा टळण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक राहिले. प्राण्यांमध्ये हे बहुवारिक काढून प्रजननक्षमता परत आणता आली. माणसांमध्येही तसे खात्रीने दाखवून देणे हे पुढील महत्त्वाचे काम होय. कुटुंब नियोजनाचा बहुतेक सर्व भार आजवर स्त्रीने उचलला आहे, हे लक्षात घेता या संशोधनाचे सामाजिक मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि, औषधाचा दीर्घ प्रभाव ही दुधारी गोष्ट आहे. गोळीने त्रास झाला तर दुसऱ्या दिवशी ती थांबविता येते. शरीरात साठलेले इंजेक्शन परत काढून घेता येत नाही. सेमाग्लुटाइड घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वी किमान दोन महिने ते बंद करावे, असे सांगितले जाते ते यामुळेच. शिवाय अशी औषधे महाग असतात, त्यांना शीतपेटीची गरज लागते आणि ती सोडल्यावर वजन पुन्हा वाढू शकते. स्नायू मुळातच कमी असलेल्या माणसाचे वजन औषधाने उतरवताना उरलेसुरले स्नायूही झिजणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीवाचून, केवळ जाहिरात पाहून किंवा परिचिताच्या सांगण्यावरून ती घेणे धोक्याचे आहे.

गाव आणि वस्ती यांच्या पातळीवर

या सर्व माहितीतून काही व्यवहार्य गोष्टी निष्पन्न होतात. शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या उंची-वजनाची नोंद ठेवावी लागतेच. माध्यमिक शाळेत व कनिष्ठ महाविद्यालयात कंबरेच्या घेराची एक नोंद तिला जोडण्यास फीतेखेरीज काहीही लागत नाही. ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे किंवा ज्यांचे जन्मवजन कमी होते, अशा तरुणांनी तिसाव्या वर्षाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी, असे त्यांना सांगता येईल.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत मातेच्या आहाराचा विषय घेताना गावातील दुधाचाही विचार करावा. घरचे सर्व दूध संकलन केंद्रावर जाते आणि गर्भवती सुनेच्या वाट्याला चहापुरतेच उरते, असे घडू नये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी होऊ शकते. आशा कार्यकर्तीने अशा रुग्णांना त्याची तपासणी सुचवावी. अपत्यासाठी उपचार घेऊ पाहणाऱ्या जोडप्यास प्रथमपासून दोघांची तपासणी करून घेण्याचा सल्ला द्यावा. पुरुषाची वीर्यतपासणी साधी व कमी खर्चाची असून स्त्रीवरील कोणत्याही शस्त्रक्रियेच्या आधी ती होणे न्यायाचे आहे. एका तपासणीत दोष दिसल्यास लगेच निष्कर्ष न काढता ती पुन्हा करावी; कारण नवे शुक्रजंतू तयार होण्यास अडीच महिने लागतात आणि मधल्या तापानेही आकडा खाली येतो.

पुण्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये त्याच सहा गावांतील किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ जीवनसत्त्वाची अल्प मात्रा देण्याचा प्रयोग सुरू केला. त्यांच्या पोटी येणाऱ्या पुढील पिढीचे आरोग्य सुधारते काय, हे त्यातून पाहावयाचे होते. त्यात केवळ मुलींचा नव्हे, तर मुलांचाही समावेश करण्यात आला, ही गोष्ट लक्षणीय आहे. बाळाच्या आरोग्याची जबाबदारी माता आणि पिता या दोघांचीही असून ती विवाहाच्या कितीतरी आधी सुरू होते, हा विचार त्यामागे आहे. बिबवेवाडीसारख्या उपनगरातील रुग्णालयात आज चाळिशीचा जो कामगार मधुमेहाच्या रांगेत उभा आहे, त्याच्या रोगाचा आरंभ कदाचित त्याच्या गावी, त्याच्या आईच्या ताटातच झाला असेल. त्याच्या मुलाच्या बाबतीत तसे होऊ नये यासाठी मात्र आज पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे, आणि त्याची सुरुवात शाळा, अंगणवाडी व ग्रामसभा येथूनच व्हावयास हवी.